अक्षतांची साक्ष : मराठी साहित्यातला लग्नपाहुणा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी एक लग्नपत्रिका आली. घर परिचयाचे, दोन पिढ्यांचा घरोबा, मुलगा आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला. पत्रिकेसोबत जाड कागदाचे एक छोटे कार्ड होते व त्यावर 'पाहुण्यांसाठी सूचना' असे शीर्षक होते. हळदीच्या दिवशी पिवळा पोशाख असावा, संगीताच्या रात्री कोणते रंग चालतील, वस्तुरूप आहेर आणू नये, वाहने कोठे उभी करावीत, विधी चालू असता छायाचित्रकारांच्या वाटेत येऊ नये आणि आपण काढलेली छायाचित्रे कोणत्या नावाखाली प्रसृत करावीत, अशा एकंदर अकरा सूचना त्यात होत्या. मुहूर्तापूर्वी मांडवात हजर असावे, ही बारावी सूचना मात्र नव्हती.

या कार्डाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पाचशे माणसांचे कार्य निभावून नेणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो, आणि त्यातली एकेक सूचना सुटी घेतली तर वाजवीच आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला कोणताही मजकूर वाचताना एक प्रश्न पडतोच : या मजकुराने आपला वाचक कोण म्हणून कल्पिला आहे? कार्डाने कल्पिलेला पाहुणा हा प्रेक्षक आहे. त्याने नीटनेटके दिसावे, वाटेत येऊ नये, आणि जे पाहिले त्याची वाहवा चार ठिकाणी पोचवावी. जुन्या पत्रिकेतला पाहुणा असा नव्हता. 'सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत व कार्यास शोभा आणावी', 'हे निमंत्रण समक्ष भेटीप्रमाणे मानून अगत्य येण्याचे करावे' ही वाक्ये आज आपल्याला घासून गुळगुळीत झालेली वाटतात. तथापि त्यांतील क्रियापदे पाहावीत. येणे, आशीर्वाद देणे, शोभा आणणे या सर्व क्रियांचा कर्ता पाहुणा आहे. नव्या कार्डातील क्रियापदांचा शेवट बहुधा 'नये'ने होतो.

येथे जुन्याचे गोडवे गाऊन थांबता आले असते. पण जुनी पत्रिकाही निर्दोष नव्हती. तिच्यात कैलासवासी आजोबांचे नाव असे, हयात आजीचे नसे. वधूचे वडील निवर्तले असतील तर निमंत्रक म्हणून काकांचे अथवा मामांचे नाव येई, आणि जिने मुलीला वाढवले त्या आईचे नाव शोधूनही सापडत नसे. पत्रिकेतली ही रिकामी जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी आम्हांला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

लग्नाला जाणाऱ्याने कसे वागावे, याची चर्चा आपल्याकडे बहुधा पोशाख, पाकीट आणि पंगत यांच्यापाशी संपते. आमच्या बडोद्यात तर या चर्चेला आणखी एक पदर आहे. गायकवाडांबरोबर येऊन येथे रुजलेली आमची घरे पिढ्यानुपिढ्या गुजराती शेजारात नांदत आहेत आणि दोन्हीकडच्या लग्नांना आम्ही जातो. तिकडचा चांदलो वहीत लिहिला जातो, आमचा आहेरही वहीतच लिहिला जातो. त्या बाबतीत कोणी कोणाला हसण्याचे कारण नाही. फरक आहे तो वेळेचा. आमच्या एका घरच्या कार्यात मुहूर्त सकाळी अकराचा होता आणि शेजारची गुजराती मंडळी सायंकाळी ठेवलेल्या स्वागतसमारंभालाच आली. त्यावर आमच्यांपैकी काहींनी नाक मुरडले. वस्तुतः त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्याकडे हस्तमेळाप आणि पुढचे विधी चालू असताना निमंत्रित येतात, यजमानांना भेटतात, जेवतात आणि निघतात. सर्वांनी एका क्षणी एकत्र उभे राहून करावयाचे असे काही तेथे नसते. आमच्याकडे ते असते. अंतरपाट धरला आहे, मंगलाष्टके चालू आहेत, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता आहेत, आणि शेवटच्या 'सावधान'ला साऱ्या मांडवाचे हात एकदम उचलले जातात. मराठी लग्नात पाहुण्याला नेमून दिलेले हे एक काम आहे. ते चुकवून जेवणाला पोचणारा मराठी पाहुणा मात्र खरोखर चुकतो, कारण त्याला ते ठाऊक असते.

हे काम नेमके कोणते? आमच्या मते ते साक्षीचे आहे. 'अक्षत' म्हणजे न भंगलेला दाणा. तो वधूवरांच्या मस्तकावर टाकणारा माणूस आशीर्वाद तर देतोच, पण त्याबरोबर असेही सांगतो की हे माझ्यासमोर झाले आणि मला ते मान्य आहे. नोंदणीच्या कागदावर आज साक्षीदारांच्या सह्या घेतात. मांडवात ती सही तांदळाने होते. मग पाहुण्याच्या शिष्टाचाराचा विचार या सहीपासून सुरू व्हावयास हवा. आपल्या साहित्याने तो कसा केला आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आपल्या वाङ्मयाचा आरंभच लग्नमांडवात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा लीळारूप सोहळा योजला गेला, तेव्हा महदंबेने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गावयाची गीते, आणि त्यांचा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. या रचनेमुळे महदंबा आद्य मराठी कवयित्री ठरली. आमच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, हे काव्य मांडवाबाहेर बसून लिहिलेले वर्णन नव्हे. कार्यात हजर असलेल्या बाईने आपला वाटा म्हणून ते गायिले आहे. दुसरी, आणि आम्हांला अधिक मोलाची वाटणारी, ही की महदंबा बालविधवा होती. मराठीतले पहिले लग्नगीत एका विधवेच्या कंठातून आले. पुढे काय झाले आणि विधवेची सावलीही मांडवात नको असे आपण केव्हा ठरवले, याचा इतिहास मोठा आहे. पण आरंभ असा होता, हे विसरता कामा नये.

त्यानंतर पुष्कळ काळाने, १५७१ साली, एकनाथांनी काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. अठरा प्रसंग आणि सतराशे बारा ओव्यांच्या या ग्रंथाची पारायणे उपवर मुली करीत, हे आमच्या घरांतील वयोवृद्धांना आठवत असेल. एकनाथांचा लग्नसोहळा जीवशिवाच्या ऐक्याचे रूपक आहे. त्यामुळे त्यातले वऱ्हाड, मानपान, रुसवे-फुगवे यांनाही दुहेरी अर्थ येतो. मात्र तेथील पाहुणा कधी पेचात सापडत नाही. वर प्रत्यक्ष श्रीकृष्ण आहे आणि वधूने त्याला मनाने आधीच वरले आहे. अशा लग्नात साक्ष देणे सोपे असते. प्रश्न पडतो तो मर्त्य माणसांच्या लग्नात.

तो प्रश्न ज्या शब्दात साठला आहे तो शब्द 'सावधान'. समर्थ रामदासांच्या चरित्रातील आख्यायिका सर्वश्रुत आहे. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, 'सावधान' शब्द कानी पडला आणि तो मांडवातून निघून गेला. या कथेचा उपयोग आपण वैराग्याचा महिमा सांगण्यासाठी करतो. आम्ही ती जरा निराळी वाचतो. मांडवात तो शब्द सर्वांनी ऐकला होता. अर्थ लावला एकट्या मुलाने. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांची चाल कानांना इतकी ओळखीची असते की तिच्या लयीत शब्दांचा अर्थ बुडून जातो. कोणाही हौशी कवीने दोन्ही कुळांची नावे गुंफून रचलेली मंगलाष्टके छापून वाटली जातात, वृत्तात एखादे अक्षर कमी पडले तर गुरुजी ते लांबवून भरून काढतात, आणि आपण फक्त चरणाच्या शेवटाची वाट पाहत मूठ सैल करतो. 'सावधान' हा इशारा वधूवरांना आहे असे आपण गृहीत धरतो. तो पाहुण्यांनाही आहे, असे समजून ऐकले तर सबंध मांडव वेगळा दिसू लागेल.

तो तसा दाखविणारे नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९). या नाटकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील संगीत, बालगंधर्वांची शारदा, जरठकुमारी-विवाहाच्या रूढीवरील प्रहार, हे सारे विवेचकांनी सांगून झाले आहे. भुजंगनाथाची हाव, कांचनभटाचा लोभ आणि भद्रेश्वर दीक्षिताची दलाली या तिघांवर आपण सर्व दोष टाकतो आणि नाट्यगृहातून हलक्या मनाने बाहेर पडतो. परंतु एवढ्या तिघांनी लग्न लागत नाही. त्याला मांडव लागतो, वाजंत्री लागतात, पंगतीला बसणारे आणि अक्षता टाकणारे लागतात. पंचाहत्तरीच्या घरातील वर आणि त्याच्या नातीच्या वयाची वधू यांच्याकडे पाहत जे उभे राहतात, त्यांच्याखेरीज तो सौदा विवाह होऊ शकत नाही.

देवलांची खरी तीक्ष्णता आम्हांला कथानकाच्या एका वळणात दिसते. हा विवाह कशाने थांबतो? कोदंड सुधारक आहे; वयातील अंतर, मुलीची इच्छा, बापाने घेतलेला पैसा, ही सर्व कारणे त्याच्यापाशी आहेत. पण कार्य थांबते ते वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड होते तेव्हा. क्रौर्य डोळ्यांसमोर असताना जे गप्प असतात, ते शास्त्रातली अडचण निघताच जागे होतात. कित्येक टीकाकारांना ही तडजोड वाटते. सुधारणेचे नाटक असून निर्णय मात्र गोत्रावर, अशी तक्रार केली जाते. आम्हांला ती तडजोड वाटत नाही, तो अचूक निदानाचा भाग वाटतो. आपला समाज कोणत्या कारणासाठी उठून उभा राहतो आणि कोणत्या कारणासाठी बसून राहतो, हे देवलांनी उपदेशाचे एक वाक्य न घालता दाखविले. लग्न मोडल्यावर शारदा जीव द्यावयास निघते आणि कोदंड तिला वाचवतो, हेही विसरू नये. थांबलेल्या लग्नाची झळ पुन्हा मुलीलाच लागते. पाहुणे आपापल्या घरी गेलेले असतात.

या नाटकाशी जोडलेला एक गैरसमज आमच्या मंडळाच्या बैठकींतही अधूनमधून ऐकू येतो. १९२९ चा 'शारदा कायदा' देवलांच्या शारदेवरून ओळखला जातो, असे अनेकांना वाटते. वास्तविक ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांचे. कायदा बालविवाहाला आळा घालणारा. आणि बडोदेकरांना तर आणखी एका गोष्टीचे स्मरण असावयास हवे : सयाजीराव महाराजांनी त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९०४ मध्ये, आपल्या संस्थानात बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला होता. १९१५ मध्ये त्यांनी पुरोहितांविषयीचाही कायदा केला. पुरोहिताने परीक्षा देऊन पात्रता मिळवावी आणि तो करीत असलेल्या विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगता यावा, हा त्यामागचा विचार होता. जो विधी चालला आहे तो उपस्थितांना कळला पाहिजे, ही अपेक्षा राजाने करावी यात साक्षीचेच तत्त्व आहे. न कळलेल्या गोष्टीची साक्ष कशी देणार? पुढे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तर अकराव्या कलमात, असा विवाह घडू देण्याच्या अपराधाचे वर्णन करताना, त्याला उपस्थित राहण्याचा आणि त्यात सहभागी होण्याचा स्पष्ट उल्लेख केला. 'आम्ही फक्त जेवायला गेलो होतो' ही सबब कायद्यालाही पुरेशी वाटलेली नाही.

साक्षीचा हा विचार आणखी एका बाजूने पाहावा लागतो : साक्षीला उभे राहण्याचा मान कोणाला? १८४८ साली तरुण जोतीराव फुले आपल्या ब्राह्मण मित्राच्या निमंत्रणावरून त्याच्या लग्नाच्या वरातीत चालत होते आणि तेथे काही मंडळींनी जातीवरून त्यांचा अपमान केला, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. आमच्या शिष्टाचाराच्या सर्व चर्चेत या प्रसंगाला स्थान असावयास हवे होते. निमंत्रित पाहुण्याचा पाणउतारा होत असताना वरातीत इतर पाहुणेही होतेच. शिष्टाचार जर 'यजमानाचे मन दुखवू नये' एवढाच असेल, तर ते सर्व शिष्टाचाराने वागले असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणणे कोणालाही पटणार नाही.

फुल्यांनी याचे उत्तर पंचवीस वर्षांनी मांडवातच दिले. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेच्या वर्षी, १८७३ च्या डिसेंबरात, पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी रचलेली मंगलाष्टके आहेत. वाङ्मयदृष्ट्या त्यांचे वेगळेपण असे की, ती वधूवरांमधील संवाद आहेत. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते, वर तिला वचन देतो, आणि हे सारे मराठीत, उपस्थितांना कळेल असे. शब्दांचे सौष्ठव आणि वृत्ताची सफाई यांत पंडिती मंगलाष्टके सरस ठरतील, हे मान्य. पण येथे मांडवातला माणूस प्रथमच श्रोता झाला. नवऱ्या मुलाने काय कबूल केले ते त्याने ऐकले आहे. उद्या वचन मोडले तर 'मी ऐकले होते' असे तो सांगू शकतो. सयाजीरावांच्या १९१५ च्या कायद्यामागे जी दृष्टी होती, ती फुल्यांच्या रचनेत त्याआधीच काव्यरूप झाली होती.

आता विनोदाकडे वळू, कारण लग्नाच्या मांडवात मराठी विनोद जितका रमला तितका अन्यत्र क्वचित रमला असेल. चिं. वि. जोशी तर आमच्या बडोद्याचेच. पालीचे प्राध्यापक, संस्थानच्या दफ्तरखात्याचे अधिकारी आणि चिमणरावांचे जनक. 'लग्न पहावे करून' हा १९४० चा चित्रपट त्यांच्याच कथेवरचा. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण यजमानाच्या बाजूने बोलते. पाहुण्याच्या बाजूने बोलणारी तशी म्हण आपल्याकडे नाही. ती उणीव पु. ल. देशपांड्यांच्या 'नारायण'ने भरून काढली.

'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील हा नारायण सर्वांच्या ओळखीचा आहे. खरेदीपासून पंगतीपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याच्या नावाने हाका, प्रत्येक घोटाळ्याला तोच जबाबदार आणि प्रत्येक घोटाळ्यातून सोडवणाराही तोच. लग्न त्याच्या घरचे नसते. पाहुणा असून त्याला पाहुणेपणाचा विसर पडलेला आहे. आपण त्याला हसतो ते प्रेमाने, यात शंका नाही. तरीही आज वाचताना आम्हांला त्या हसण्यात थोडा संकोच वाटतो. प्रत्येक घराला एक नारायण असतो, या समजुतीत बाकीच्या पाहुण्यांना मोकळीक मिळते : काम करील तो नारायण, आम्ही येऊ आणि नावे ठेवू. पु. लं.नी हे टीकेच्या सुरात म्हटलेले नाही, आणि तो त्यांचा पिंडही नव्हे. पण त्यांनी रेखाटलेल्या गर्दीत नारायण वगळता एकही माणूस कोणाच्या उपयोगी पडताना दिसत नाही, हे चित्र आपणहून बोलते. आता नारायणाची जागा कंत्राटदाराने घेतली आहे. ताटे वेळेवर येतात, गजरे मोजून मिळतात. यजमानाची दगदग कमी झाली हे चांगलेच. पण पाहुण्याने करावयाचे जे एक काम कंत्राटावर देता येत नाही, ते अजून शिल्लक आहे.

इतके लिहून झाल्यावर स्वतःविषयी गप्प राहणे बरे दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही निकटच्या स्नेह्यांकडे मुलीच्या लग्नाला गेलो होतो. वडील मुलीच्या लहानपणीच वारले होते. आईने नोकरी करून दोन मुली वाढविल्या, शिकविल्या. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून काकांचे नाव होते. त्या रिकाम्या जागेकडे आमचे लक्ष गेले होते, परंतु रीतच आहे म्हणून आम्ही ते सोडून दिले. कन्यादानाला काका-काकू बसले. आई मांडवाच्या कडेला, खांबाजवळ, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्याही मागे उभी होती. कोणी तिला तेथे उभे राहावयास सांगितले होते असे नाही. आपण कोठे उभे राहावयाचे ते तिला ठाऊक होते. मंगलाष्टके झाली, आम्ही अक्षता टाकल्या. आमच्या काही अक्षता मुलीपर्यंत न पोचता मधल्या रांगेत पडल्या आणि एक त्या आईच्या खांद्यावर राहिली. त्याच महिन्यात आम्ही एका व्याख्यानात 'शारदा'विषयी बोललो होतो. जिलबी घेऊन, आहेर देऊन, वेळेवर निरोप घेऊन आम्ही घरी आलो. शिष्टाचाराचा एकही नियम आमच्याकडून मोडला गेला नव्हता.

या प्रसंगाचा आम्ही पुष्कळ विचार केला. मांडवात उठून बोलावयास हवे होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. कोदंडापुढे मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. तेथे गप्प राहणे पाप होते. येथे भर कार्यात तोंड उघडले असते तर त्या माउलीलाच चारचौघांत अधिक अवघडल्यासारखे झाले असते, आणि मुलीच्या मंगल दिवसावर आमच्या तत्त्वनिष्ठेची सावली पडली असती. पण याचा अर्थ आमच्या हाती काहीच नव्हते असा नव्हे. पाहुण्याचे काम मांडवाच्या दारात सुरू होत नाही; ते पत्रिका हाती पडते त्या दिवशी सुरू होते. आपल्याकडे जवळच्यांना घरी येऊन, हळदकुंकू लावून, अक्षत देऊन बोलावणे करण्याची पद्धत आहे. त्या वेळी चहाच्या निमित्ताने घटकाभर बसणे होते, तयारीची विचारपूस होते, वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारला जातो. काका पत्रिका घेऊन आले तेव्हा आम्ही हॉल कोणता, जेवण कोणाचे, हे सर्व विचारले. 'वहिनी बसणार ना कन्यादानाला?' एवढे मात्र विचारले नाही. तो प्रश्न त्या खोलीत विचारता आला असता. तेथे कोणाचा अपमान झाला नसता.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शिरोळ तालुक्यातील एक गाव जे सर्वांसमक्ष ठरवते, ते आमच्यासारख्या पुस्तकांच्या सहवासात वावरणाऱ्या जुन्या घरांना माजघरातही विचारता येऊ नये, याचे आम्हांला वैषम्य वाटले. परप्रांतात राहून आपली रीत जपणे हे आपण कर्तव्य मानतो, आणि ते मानावे. परंतु जपण्याच्या भरात आपण बहुतेकदा रीतीचा शेवटचा, आक्रसलेला आकार जपतो. धवळे गाणारी महदंबा ही आपली रीत नव्हे काय? ती खांबामागच्या आईपेक्षा कितीतरी जुनी आहे.

यंदा त्या घरातील धाकट्या मुलीचे लग्न ठरले. बोलावणे करावयास या वेळी आई स्वतः आली. सोबत काका होते. पत्रिका अजून छापखान्यात जावयाची होती, मसुदा आम्हांला पाहावयास दिला होता. शुद्धलेखन तपासावे, एवढीच अपेक्षा होती. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासले, 'शुभाशिर्वाद'चे 'शुभाशीर्वाद' केले, आणि मग निमंत्रकांच्या ओळीवर बोट ठेवून विचारले की येथे वहिनींचे नाव राहून गेले आहे काय. घटकाभर कोणी बोलले नाही. काका म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही. पण गुरुजी काय म्हणतील?" वहिनी आपल्या हातातल्या अक्षतांच्या पुडीकडे पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, गुरुजींशी तुम्हीच बोला."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. गुरुजी तरुण आहेत, विधींचा अर्थ सांगत सांगत लग्न लावतात. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "यजमानांनी सांगितले तर आईंना बसविण्यात मला अडचण नाही. आजवर मला कोणी विचारलेच नाही."

लग्न येत्या वैशाखात आहे. मुहूर्त सकाळचा आहे, आणि आम्ही वेळेआधी पोचणार आहोत.